कथास्थळ आणि चित्रणस्थळ : ‘एक्सकॅलिबर’, फाळके-प्रभात परंपरा आणि खानदेशातील आख्यायिका

पौराणिक व अद्भुतरम्य चित्रपटांचा विचार करताना कथानक, अभिनय, संगीत आणि युक्तिदृश्ये यांची चर्चा केली जाते. चित्रपट कोणत्या भूमीवर चित्रित झाला, हा प्रश्न मात्र बहुधा माहितीच्या सदरात ढकलला जातो. आख्यायिका ही ज्या वाङ्मयप्रकारात मोडते, त्या प्रकारात स्थळ हे केवळ पार्श्वभूमी नसते. ते कथेचा पुरावा म्हणून उभे असते. ‘येथे भीमाने बकासुराला मारले’ या विधानातील ‘येथे’ हा शब्द काढून टाकला, तर उरते ती निव्वळ कथा. आख्यायिका उरत नाही. असे असताना, आख्यायिकेवरील चित्रपट तिच्या भूमीपासून शेकडो कोस दूर चित्रित होतो तेव्हा त्या ‘येथे’चे काय होते, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकाने विचारण्याजोगा आहे. प्रस्तुत लेखात आर्थर राजाच्या आख्यायिकेवर आधारलेला ‘एक्सकॅलिबर’ (१९८१) हा चित्रपट, फाळके आणि प्रभात यांचे पौराणिक व संतपट आणि जळगाव-धुळे परिसरातील काही जिवंत आख्यायिका यांना एकत्र ठेवून या प्रश्नाची मांडणी करण्याचा प्रयत्न केला आहे.

१. तीन संज्ञा

विवेचनाच्या सोयीसाठी तीन संज्ञा योजणे इष्ट ठरेल. संहितेत ज्या ठिकाणी घटना घडल्याचे सांगितले आहे ते ‘कथास्थळ’. ती घटना आपल्याच गावी घडली, असे एखादा लोकसमूह मानतो आणि यात्रा, नवस, कुंड, वाडा अशा खुणांनी ते जपतो, ते ‘श्रद्धास्थळ’. चित्रपटासाठी जेथे कॅमेरा उभा राहिला ते ‘चित्रणस्थळ’. पहिले शब्दांत असते, दुसरे लोकस्मृतीत आणि तिसरे फितीवर.

कथास्थळाला श्रद्धास्थळाशी बांधण्याचे काम आपल्याकडे स्थळमाहात्म्यांनी केले. प्रत्येक तीर्थाचे, नदीचे, डोंगराचे माहात्म्य रचले गेले. तापीचेही माहात्म्य आहे. मराठीत याहून वेगळी आणि विलक्षण शिस्तीची एक परंपराही आहे. महानुभावांच्या ‘स्थानपोथी’त श्रीचक्रधरस्वामींचा सहवास ज्या स्थानांना लाभला, त्यांची नोंद दिशा, देवळाचे मुख, अंतर अशा तपशिलांसह केलेली आढळते. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेला हा ग्रंथ भक्तिभावाने लिहिलेला आहे. तथापि त्यातील दृष्टी मोजणी करणाऱ्याची आहे. स्थळाविषयी बोलताना श्रद्धा आणि अचूकता एकत्र नांदू शकतात, याचा तो मराठीतील जुना दाखला होय. चित्रणस्थळांच्या अभ्यासालाही हीच शिस्त लागते, म्हणून हा संदर्भ आरंभीच दिला.

२. आर्थरच्या आख्यायिकेतील अस्थिर भूगोल

आर्थर राजाचा भूगोल मुळातच अस्थिर आहे. जेफ्री ऑफ मॉन्मथ याने इ. स. ११३६ च्या सुमारास लॅटिनमध्ये लिहिलेल्या ब्रिटनच्या राजांच्या इतिहासात आर्थरच्या जन्मकथेचा संबंध कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरील टिंटॅजेल या ठिकाणाशी जोडला. ११९१ मध्ये ग्लॅस्टनबरीच्या मठातील साधूंनी आर्थरची कबर सापडल्याचे जाहीर केले. कॅमेलॉट हे राजधानीचे नाव त्याच शतकाच्या उत्तरार्धात क्रेतिएँ द त्रुआ या फ्रेंच कवीच्या काव्यात प्रथम येते. म्हणजे या ब्रिटिश राजाच्या राजधानीला नाव मिळाले ते फ्रेंच भाषेत. पुढे टॉमस मॅलरीने कॅमेलॉट म्हणजे विंचेस्टर असे सांगितले. परंतु १४८५ मध्ये मॅलरीचा ग्रंथ छापणाऱ्या विल्यम कॅक्स्टनने आपल्या प्रस्तावनेत कॅमेलॉटचे अवशेष वेल्समध्ये असल्याचे सुचवले. एकाच पुस्तकाच्या दोन पानांवर लेखक आणि मुद्रक यांची राजधानी वेगवेगळी आहे. १५४२ मध्ये जॉन लेलंडने तिसरेच ठिकाण, सॉमरसेटमधील कॅडबरीची टेकडी, पुढे केले.

हे सारे श्रद्धास्थळांचे परस्परांशी चाललेले स्पर्धाकारण आहे. आपल्याकडील अभ्यासकाला ते अपरिचित वाटू नये. महाभारतातील एकचक्रा नगरी एरंडोल येथे होती असे खानदेशात मानले जाते. बंगालमधील बीरभूम जिल्ह्यातही एकचक्रा आहे आणि बिहारमधील आरा या गावाशीही ती जोडली जाते. एका कथास्थळाला अनेक श्रद्धास्थळे असणे हा आख्यायिकेचा दोष नव्हे; ती जिवंत असल्याचे ते लक्षण आहे.

३. ‘एक्सकॅलिबर’ : उसनी भूमी

जॉन बूरमन यांनी ‘एक्सकॅलिबर’ मॅलरीच्या ग्रंथावर आधारला; पटकथा त्यांनी व रोस्पो पॅलेनबर्ग यांनी लिहिली. चित्रपटाचे चित्रीकरण मात्र आयर्लंडमध्ये झाले. विकलो परगण्यातील ब्रे येथील आर्डमोर स्टुडिओ हे केंद्र. बाह्यचित्रण विकलो, टिपरेरी आणि केरी या परगण्यांत. बूरमन त्या काळी विकलोतील अ‍ॅनमो या गावी राहत असत. दगडात रुतलेली तलवार आर्थरच्या हाती येते ते रान त्यांच्या घरापासून काही मैलांवरचे आहे. लान्सलॉट आणि आर्थर यांचे द्वंद्व पॉवर्सकोर्टच्या धबधब्यापाशी चित्रित झाले. आर्थर खंदकाच्या पाण्यात गुडघे टेकतो आणि आपल्याच शत्रूच्या हातून सरदारकी स्वीकारतो, तो प्रसंग टिपरेरीतील काहिर येथील नॉर्मन किल्ल्याचा. तेथील खंदक म्हणजे किल्ल्याभोवती वाहणारी शूर नदी. टिंटॅजेलच्या लढाईमागे दिसतो तो विकलो हेड हा कडा, आणि आर्थरची नाव अ‍ॅव्हलॉनकडे निघते तो किनारा केरीचा.

टिंटॅजेल, ग्लॅस्टनबरी, विंचेस्टर, कॅडबरी यांपैकी एकाही श्रद्धास्थळी कॅमेरा गेला नाही, ही येथील लक्षणीय बाब होय. निर्मितीची सोय हे कारण उघड आहेच. त्याखेरीज एक कलात्मक कारणही संभवते. श्रद्धास्थळ आज जसे दिसते, त्यात शतकांची दुरुस्ती, पाट्या आणि पडझड मिसळलेली असते. आख्यायिकेला हवा असतो तो काळापूर्वीचा काळ. बूरमन यांनी झाडांवर व शेवाळावर हिरव्या गाळण्यांतून प्रकाश टाकला, त्यामुळे रान आतून उजळल्यासारखे दिसते. त्या हिरव्या रंगाने आयर्लंडचे रान आयर्लंडचे राहिले नाही आणि इंग्लंडचेही झाले नाही. चित्रणस्थळ अशा रीतीने स्वतःचे नाव सोडून देते, आणि नाव सोडल्यामुळेच ते कोणतेही स्थळ होऊ शकते.

याच्या उलट टोकाचे उदाहरण ‘माँटी पायथन अँड द होली ग्रेल’ (१९७५) या विडंबनपटाचे. स्कॉटलंडमधील किल्ल्यांत चित्रीकरणाची परवानगी ऐनवेळी नाकारली गेल्यामुळे डून येथील एकाच किल्ल्याला चित्रपटातील अनेक किल्ल्यांची सोंगे घ्यावी लागली. आता प्रेक्षक डून पाहायला जातात ते त्या चित्रपटासाठी. ज्या वास्तूचा आर्थरशी कोणताही परंपरागत संबंध नव्हता, ती चित्रणस्थळाच्या मार्गाने एक नवे श्रद्धास्थळ, निदान एक नवे यात्रास्थळ झाली. साखळीचे एक टोक असे पुन्हा आरंभाशी येऊन मिळते.

४. फाळके : वांगणीतील काशी

हीच प्रक्रिया मराठी भूमीवर याहून बरीच आधी घडली होती. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. हरिश्चंद्राची कथा अयोध्या आणि काशी या दोन नगरांची. चित्रीकरण झाले ते दादरच्या मथुरा भवनातील स्टुडिओत आणि बाह्यचित्रण मुंबई-कर्जत लोहमार्गावरील वांगणी येथे. ढाल-तलवारी घेतलेली मंडळी पाहून गावकऱ्यांना दरोडेखोरांचा संशय आला आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले, अशी हकीकत सांगितली जाते. ही हकीकत केवळ गमतीची नाही. वांगणीच्या लोकांपुढे उभा असलेला राजा त्यांच्या ओळखीचा होता. कीर्तनात, पोथीत तो त्यांनी शेकडो वेळा ऐकला असणार. तरीही आपल्या गावच्या रानात त्याला पाहून त्यांनी ओळखले नाही. कथास्थळाचे भान त्यांच्या मनात इतके पक्के होते, की हरिश्चंद्र वांगणीत असणे त्यांच्या कल्पनेतही बसत नव्हते.

फाळक्यांनी १९१३ मध्येच आपला मुक्काम नाशिकला हलविला. हा बदल आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. कारण पंचवटीमुळे नाशिक हे रामकथेचे सर्वमान्य श्रद्धास्थळ. ‘लंकादहन’ (१९१७) हा या काळातील त्यांचा गाजलेला चित्रपट; अण्णा साळुंके यांनी त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. राम पडद्यावर आला की प्रेक्षक पादत्राणे काढीत, असे सांगतात. देवळाच्या उंबऱ्यावर जे करायचे ते लोक चित्रपटगृहाच्या अंधारात करू लागले. चित्रणस्थळ कोणते, हा प्रश्न त्या प्रेक्षकाच्या मनात उद्भवलाच नसणार. कारण त्याच्यासाठी पडदा हेच स्थळ झाले होते.

येथे संशोधकाने एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ‘राजा हरिश्चंद्र’ म्हणून आज जे अवशिष्ट चित्रण दाखवले जाते, ते १९१३ च्या मूळ चित्रपटाचे नसून फाळक्यांनीच १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीचे आहे, असे मत काही अभ्यासकांनी मांडले आहे. ते ग्राह्य धरले, तर पडद्यावर दिसणारी झाडे व पाणी यांना ‘वांगणी’ हे नाव देणे धोक्याचे ठरते. कथेबाबत जशी पाठचिकित्सा, तशीच चित्रपटाबाबत स्थळचिकित्सा आवश्यक आहे ती यासाठी.

५. चांगदेव : तापीकाठची कथा, पुण्याचा पडदा

खानदेशाशी थेट संबंध असलेले उदाहरण प्रभातच्या ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) या चित्रपटाचे. दामले-फत्तेलाल दिग्दर्शित या चित्रपटात चांगदेव-ज्ञानेश्वर भेटीची आख्यायिका येते. चौदाशे वर्षांचे आयुष्य लाभलेला योगी वाघावर बसून येतो आणि त्याला सामोरी जाते ती निर्जीव भिंत. चमत्काराचे हे दृश्य म्हणजे आपल्या संतपटांतील अद्भुतरसाचा एक उच्चबिंदू होय.

हा चांगदेव तापीकाठचा मानला जातो. जळगाव जिल्ह्यातील मुक्ताईनगर (पूर्वीचे एदलाबाद) तालुक्यात तापी-पूर्णा संगमावर चांगदेव याच नावाचे गाव आहे आणि तेथे जुने शिल्पांकित मंदिर आहे. जवळच मेहूण-कोथळी परिसरात मुक्ताबाईचे समाधिस्थान. वीज कडाडली आणि मुक्ताबाई अंतर्धान पावली, ही तेथील श्रद्धा. शिष्य आणि गुरू यांची ठिकाणे एकाच नदीच्या काठी असावीत, हा योगायोग लोकस्मृतीने अर्थपूर्ण केला आहे. चित्रपटाने मात्र निवडला तो आळंदीकडचा शेवट. संगमाकडचा आरंभ त्याने कथेबाहेर ठेवला. प्रभातची कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्याला आली होती आणि तिची नगरे, घाट, पर्णकुटी तेथील आवारात उभी राहत. त्यामुळे आळंदीची भिंत सर्व महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढे आली आणि चांगदेवचा संगम तसाच राहिला. आळंदीला भिंत आहे, समाधी आहे, वारी आहे आणि चित्रपटही आहे. चांगदेवला मंदिर आहे आणि दोन नद्या आहेत. चित्रणस्थळाच्या निवडीने स्मृतीची वाटणी कशी बदलते, याचा हा आपल्या अंगणातील दाखला.

‘चांगदेव’ या नावाबाबतही चिकित्सा हवी. चाळीसगावजवळील पाटण येथे इ. स. १२०७ च्या सुमाराचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. हा यादव सिंघणाच्या आश्रयाचा ज्योतिषी. वाघावर बसणारा योगी तो नव्हे. नावाच्या सारखेपणावरून दोन स्थळे एकमेकांना जोडण्याचा मोह आख्यायिकेला होतो. अभ्यासकाने तो टाळावा.

६. न मरणारी माणसे आणि त्यांची ठिकाणे

आर्थरची आख्यायिका आणि खानदेशातील आख्यायिका यांत एक खोलवरचे साम्य आहे. आर्थर मेला नाही, तो परत येईल, अशी श्रद्धा ब्रिटनमध्ये दीर्घकाळ होती. चांगदेव काळाला चकवीत जगला. आणि सातपुड्यातला अश्वत्थामा तर मरूच शकत नाही. नंदुरबार जिल्ह्यातील (१ जुलै १९९८ पूर्वी हा भाग धुळे जिल्ह्यात होता) अस्तंबा डोंगरावर दिवाळीच्या सुमारास यात्रा भरते. कपाळीची जखम घेऊन अश्वत्थामा या रानात फिरतो, जखमेसाठी तेल मागतो, वाट चुकलेल्याला वाट दाखवतो, अशी श्रद्धा आहे. फारुकी राजवटीत खानदेशाचा कणा असलेल्या असीरगडावरील शिवमंदिरातही तो पूजेला येतो, असे मानले जाते.

मेलेल्या वीराचे स्थळ म्हणजे समाधी. ते भूतकाळाचे असते. न मेलेल्या माणसाला आजही कोठे तरी असावे लागते. त्याचे स्थळ वर्तमानकाळात असते. अस्तंब्याला जाणारा यात्रेकरू स्मारक पाहायला जात नाही; भेटण्याची शक्यता घेऊन जातो. म्हणूनच अशा आख्यायिकांत ‘येथे’ या शब्दाला सर्वाधिक वजन असते आणि चित्रपटाला ते पेलणे सर्वाधिक कठीण जाते. चित्रपटाला शेवट लागतो. ‘एक्सकॅलिबर’ने तो मावळतीकडे जाणाऱ्या नावेत शोधला. अस्तंब्याच्या यात्रेला असा शेवट नाही. पुढच्या दिवाळीला ती पुन्हा आहेच.

‘कल्की २८९८ एडी’ (२०२४) या चित्रपटात अमिताभ बच्चन यांनी अश्वत्थामा साकारला. चित्रपटाचे भविष्यकालीन विश्व बव्हंशी स्टुडिओत आणि संगणकावर उभे राहिले. मात्र या पात्राची पहिली ओळख करून देण्यासाठी नर्मदाकाठच्या नेमावर या गावाची निवड झाली, कारण नर्मदेच्या परिसरात अश्वत्थामा वावरतो अशी श्रद्धा आहे. चित्रणाला श्रद्धास्थळाची गरज उरली नव्हती. प्रसिद्धीला मात्र होती. श्रद्धास्थळाचे बळ चित्रपटउद्योगही ओळखून आहे, एवढे यावरून म्हणता येईल.

७. एक आक्षेप आणि त्याचा विचार

येथपर्यंतच्या विवेचनावर असा आक्षेप संभवतो : चित्रपट स्थळांना नाव सोडायला लावतो ही हानी असेल, तर अभ्यासकाने श्रद्धास्थळांच्या बाजूने उभे राहावे काय?

उत्तर सरळ नाही. एरंडोलचे उदाहरण घेऊ. तेथे पांडववाडा म्हणून ओळखली जाणारी जुनी वास्तू आहे. जवळच पद्मालय येथे कमळांच्या तळ्याकाठी दोन गणेशमूर्तींचे मंदिर आणि भीम-बकासुर युद्धाशी जोडलेले भीमकुंड आहे. पद्मालयाची आख्यायिका कोणाचे काही हिरावून घेत नाही. पांडववाड्याच्या वास्तूत मशीदही आहे आणि तिच्या वापराचा वाद २०२३ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशापासून उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेला. त्या वादाचा निवाडा करणे हे वाङ्मयाच्या अभ्यासकाचे काम नव्हे. आख्यायिका कोणत्या प्रकारचे विधान करते हे स्पष्ट करणे मात्र त्याचेच काम आहे. एकचक्रा एरंडोलला होती, हे विधान श्रद्धास्थळाचे आहे. तेच बीरभूमलाही करता येते आणि दोन्ही विधाने आपापल्या लोकसमूहात खरी असू शकतात. ते विधान जमिनीच्या उताऱ्यासारखे वाचले की आख्यायिका संपते आणि खटला सुरू होतो.

या ठिकाणी चित्रणस्थळाचा अनुभव उपयोगी पडतो. वांगणी काशी होऊ शकली, विकलो हेड टिंटॅजेल होऊ शकला आणि तरीही काशीचे किंवा टिंटॅजेलचे काही उणे झाले नाही. स्थळ उसने घेता येते आणि परतही करता येते, हे चित्रपटाने प्रत्यक्ष दाखवून दिले. आख्यायिकेनेही मुळात तेच केले होते. तिने एका कथेसाठी अनेक गावांची भूमी उसनी घेतली. मालकीची भाषा नंतरची आहे.

८. अभ्यासाची दिशा

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना या विषयात करण्याजोगे काम पुष्कळ आहे. पहिली पायरी नोंदीची. प्रत्येक आख्यायिकेसाठी कथास्थळ, श्रद्धास्थळे आणि चित्रणस्थळे असे तीन रकाने आखावेत. प्रत्येक नोंदीपुढे आधाराचे स्वरूप लिहावे : ग्रंथ, शिलालेख, मौखिक कथन की चित्रफीत. आधार नसेल तेथे रकाना रिकामा ठेवावा. रिकामा रकाना हीसुद्धा माहितीच असते. दुसरी पायरी मौखिक कथनाची. अस्तंब्याची कथा अहिराणी, भिली किंवा पावरी बोलणाऱ्याच्या तोंडून ऐकली, तर ती महाभारतातील कथेपासून कोठे वेगळी होते, हे कथकाच्या बोलीतच टिपावे. प्रमाण मराठीत ते सपाट होण्याचा धोका आहे. तिसरी पायरी तुलनेची. एखाद्या प्रसंगाचे चित्रण झाले असल्यास, चित्रपट पाहिल्यानंतर गावातील कथन बदलले काय, हे निरनिराळ्या वयाच्या कथकांना विचारून पाहावे. चांगदेव गावात आजोबा सांगतात ती भिंतीची कथा आणि नातू सांगतो ती कथा यांत प्रभातचा वाघ किती शिरला आहे, याचा शोध हा एका लघुप्रबंधाचा विषय होऊ शकेल.

धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाने कागदपत्रे व हस्तलिखिते जपून या भागाच्या इतिहासलेखनाला पाया दिला. श्रद्धास्थळांच्या कथनांची तशी जपणूक अद्याप व्हायची आहे, आणि कागदापेक्षा कथक लवकर जातो. खानदेशाच्या आख्यायिकांवर उद्या कोणी चित्रपट काढील. तो कोठे चित्रित होईल हे आपल्या हाती नाही. त्या आख्यायिका सातपुड्यात आणि तापीकाठी कशा सांगितल्या जात होत्या, याची विश्वसनीय नोंद तोपर्यंत करून ठेवणे आपल्या हाती आहे. स्थानपोथीच्या कर्त्याने दिशा आणि अंतरे मोजली ती स्थळे पुसली जातील या भयानेच. ते भय आजही निराधार नाही.